शनिवार तेल्यांची शाळा

एकोणिसाव्या शतकातील संस्थाजीवन शिकवताना आम्ही परमहंस सभा, प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज ही नावे घेतो आणि थांबतो. १८५३ साली मुंबईत बेने इस्रायलांनी शिक्षणप्रसारासाठी काढलेली परोपकारी मंडळी आमच्या टिपणांत नसते.

कोकणात तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी ते बंद ठेवणारा, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटला गेलेला हा मराठीभाषक ज्यू समाज. मंडळीचे संस्थापक हाईम सॅम्युएल केहिमकर १८३० साली अलिबागला जन्मले. म्हणजे तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचे. सोबतीला भाऊ आणि मित्र. समाजात मान होता तो सिनेगॉगच्या मुकादमाला आणि काजीला. या तरुणांनी पद मागितले नाही, काम अंगावर घेतले. नेतृत्व त्या कामातूनच घडले.

शाळा मात्र उघडली १८७५ साली. मधल्या बावीस वर्षांत तरुण प्रौढ झाले, पण संकल्प सुटला नाही. स्वयंसेवेचा खरा कस आरंभीच्या उत्साहात नसून या टिकून राहण्यात आहे, असे आम्हांस वाटते. १८८० साली याच समाजातील सुशिक्षितांनी मराठी कीर्तनातून बायबलमधील आख्याने सांगण्यासाठी मंडळी काढली, तीही याच वळणाची.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. माझगावची ती शाळा सर एली कदुरी यांच्या नावाने उभी आहे. तिथे आता प्रामुख्याने इतर समाजांची मुले शिकतात. आपल्या मुलांसाठी लावलेले झाड शेजाऱ्यांच्या मुलांना सावली देते आहे. आमच्या अभ्यासक्रमात या झाडाला दोन ओळींची जागा असू नये काय?