चुलीवर शिजलेले गांडूळ

इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे गड, तह आणि राजमुद्रा उभ्या राहतात. स्वयंपाकघराला त्यात सहसा जागा मिळत नाही. म्हणूनच ऐन दिवाळीत, घरोघरी पाकाची तार पाहिली जात असताना, मी वाचकांपुढे एका गांडुळाचा इतिहास मांडायला बसलो आहे. नाक मुरडू नका. हे गांडूळ मातीत जन्मलेले नाही. ते चुलीवर शिजलेले आहे.

खोटे आमिष दाखवून मासा गळाला लावण्याची विद्या फार जुनी. आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाचा 'द कंप्लीट अँगलर' हा ग्रंथ १६५३ साली निघाला. कापड आणि रेशीम यांनी शिवलेल्या एका नकली माशाचे वर्णन वॉल्टन करतो. तो एका देखण्या आणि हाताने कुशल अशा बाईने केला होता, एवढेच तो सांगतो. तिचे नाव सांगत नाही. लाकूड, पिसे, धातू यांचीही आमिषे झाली. पण कठीण वस्तू तोंडात येताच माशाला फसवणूक कळते आणि तो ती थुंकून टाकतो. एकोणिसाव्या शतकात रबराची गांडुळेही निघाली, परंतु जिवंत गांडुळाचा लवलवीतपणा त्यांना साधला नाही.

तो साधला अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी. हे गाव टायरच्या कारखान्यांचे. तेथल्या गुडरिच कंपनीत १९२६ साली वॉल्डो सेमन हा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्यासाठी त्याने पीव्हीसी नावाचा कडक, निरुपयोगी समजला जाणारा पदार्थ एका द्रावकात तापवला. निवल्यावर हाती आला तो मऊ, लवचीक गोळा. आपल्या घरचे रेनकोट आणि विजेच्या तारांवरची वेष्टणे याच गोत्रातली.

त्याच अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम नावाचा एक यंत्रकारागीर राहत होता. त्याला मासेमारीचा नाद. १९४९ साली निक आणि त्याची पत्नी कॉस्मा या दोघांनी खऱ्या गांडुळावरून साचा घेतला आणि प्लॅस्टिक, तेल व रंग यांचे मिश्रण घरच्या शेगडीवर शिजवून त्यात ओतले. १९५१ पासून ही गांडुळे टपालाने विकली जाऊ लागली: एका डॉलरला पाच!

ही पाककृती गृहिणींना ओळखीची वाटेल. पीव्हीसीची पूड तेलकट द्रवात कालवली की दुधासारखे मिश्रण होते. ते ढवळत तापवावे लागते. आधी ते घट्ट होते, गुठळ्या धरते. मग सुमारे १७५ अंश सेल्सिअसला काचेसारखे नितळ होऊन ओघळू लागते. तोच ओतण्याचा क्षण. थोडे कमी तापले तर वस्तू तुटते. जास्त तापले तर पिवळी पडते आणि घशाला झोंबणारी आम्लाची वाफ सुटते. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा. त्यात ओल राहिली तर उकळता रस अंगावर उडतो. म्हणून जाणते लोक खिडक्या उघडतात, चष्मा लावतात आणि हे भांडे स्वयंपाकाला कधीच लावत नाहीत.

पुढे या गांडुळाने दक्षिणेची वाट धरली. टेक्सासमध्ये धरणांचे नवे जलाशय झाले होते आणि बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांशी बास नावाचा मासा दबा धरून बसे. तेथे उघडा गळ हमखास अडकायचा. मासेमारांनी गळाचे टोक गांडुळाच्याच अंगात लपवले आणि पुढे निमुळते शिसे लावले. ही बांधणी आजही टेक्सासच्याच नावाने ओळखली जाते. क्रीम यांचा कारखानाही त्याच राज्यातल्या टायलर गावी गेला.

कारखाने वाढले, तरी घरचा उद्योग थांबला नाही. कोणी मऊपणासाठी तेल वाढवतो, कोणी वजनासाठी मीठ घालतो, कोणी तापल्या सुरीने एकाचे धड दुसऱ्याच्या शेपटीला जोडतो. ज्याच्या त्याच्या तळ्याचे पाणी वेगळे, म्हणून गांडूळही वेगळे.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. खरे गांडूळ कुजून मातीला मिळते. हे कुजत नाही. तुटलेले तुकडे तळ्यात राहतात, मासे ते गिळतात आणि ते पोटात पचत नाहीत. ज्या टिकाऊपणासाठी हे आमिष घडवले, तोच पाण्याला भार झाला आहे. यावरचा एक उपाय त्या शेगडीपाशीच आहे. हे प्लॅस्टिक पुन्हा वितळते. घरी आमिषे करणारे अनेकजण फाटकी गांडुळे डबीत साठवून नव्या घाण्यात घालतात. उरलेसुरले वाया न घालवणे हा स्वयंपाकघराचा जुना धर्म. तो तळ्याकाठीही पाळला, तर पुष्कळ तुकडे पाण्याबाहेर राहतील.

वॉल्टनच्या त्या बाईचे नाव इतिहासाने हरवले. कॉस्माचे राहिले, याचे मला समाधान वाटते.