तेलाचं डोकं आणि मोतीबागेतली इंजिनं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 'बांधून' आणल्यावर येणारी सगळ्यात वैताग आणणारी तक्रार म्हणजे "गिअर पडतो, पण दमदार पडत नाही". गळती नाही, खडखडाट नाही. फक्त दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिनाचे फेरे उगाच वाढतात, गाडी क्षणभर विचारात पडते आणि मग हळूच पुढे सरकते. प्लेटा नव्या, रिंगा नव्या, तेल नवं, बिल तर चांगलंच घसघशीत! मग अडलंय कुठे?

उत्तरासाठी जरा मागे जावं लागतं. आणि गंमत म्हणजे वाटेत आपलं नागपूर लागतं.

१९०५ साली हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने एक पेटंट घेतलं. तो श्टेटीनच्या 'व्हल्कान' गोदीत काम करायचा आणि त्याचा प्रश्न जहाजाचा होता. वाफेचं टर्बाइन भन्नाट वेगाने फिरतं, पण जहाजाचा पंखा सावकाशच फिरायला हवा. मध्ये दातेरी चाकं घालण्याऐवजी त्याने द्रव घातला. एक पंखा द्रव ढकलतो, त्या द्रवाच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. धातूला धातू लागतच नाही. आजचा टॉर्क कन्व्हर्टर याच कल्पनेतून आला.

पुढची मोठी उडी अमेरिकेत. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये 'हायड्रा-मॅटिक' हा चार गिअरचा गिअरबॉक्स दिला. ट्रान्झिस्टर जन्मायला अजून सात वर्षं होती, तरी हा डबा गिअर कधी बदलायचा ते स्वतः ठरवायचा. कसं? तेलाने. एका छोट्या व्हॉल्व्हला एका टोकाने गव्हर्नरचं तेल ढकलतं, आणि गाडीचा वेग वाढला की त्याचा दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला थ्रॉटलकडून येणारा दाब आणि एक स्प्रिंग. जो जिंकेल तो गिअर ठरवणार. आपल्या भाषेत सांगायचं तर तेलात लिहिलेलं 'इफ-एल्स' :)

इथे एक मेख आहे. हिशोब करणारं तेल आणि क्लचच्या प्लेटा दाबून धरणारं तेल एकाच पंपातून येतं. म्हणजे दाब घसरला की गिअरबॉक्सचं डोकंही मंदावतं आणि हातही ढिले पडतात. ही मेख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हाच हायड्रा-मॅटिक दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यात गेला. अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्टमध्ये दोन कॅडिलॅक इंजिनं आणि त्यांना जोडलेले दोन हायड्रा-मॅटिक होते. भारतीय लष्कराच्या सातव्या लाइट कॅव्हलरीने १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे ११,५०० फुटांवरच्या झोजी ला खिंडीत रणगाडे चढवले, ते हेच स्टुअर्ट. जनरल थिमय्यांच्या त्या धाडसाबद्दल आपण भरपूर वाचलेलं असतं. पण त्या बर्फातल्या चढावर गिअर बदलायचं काम तेल करत होतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

आता रेल्वे. डिझेल इंजिनाची ताकद चाकापर्यंत न्यायचे मुख्य मार्ग दोन. एक, जनरेटर आणि मोटर. दुसरा, तेल. नॅरोगेजच्या रुळांवर वजनाची मर्यादा कडक असते, आणि ७६२ मिलिमीटरच्या रुंदीत चाकांमध्ये मोटर बसवायला जागाही कमी. त्यामुळे आपल्याकडच्या नॅरोगेजच्या 'झेडडीएम' वर्गाच्या इंजिनांना हायड्रॉलिक ट्रान्समिशन मिळालं. सातपुड्यातल्या नॅरोगेजच्या जाळ्यावर ही इंजिनं धावली आणि त्यांचं घर होतं नागपूरचं मोतीबाग शेड. छिंदवाडा आणि नागभीडच्या गाड्या ओढणारी ती बुटकी इंजिनं कित्येक नागपूरकरांनी पाहिली असतील. ऑटोमॅटिक कार आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागण्याच्या कितीतरी आधी तेलावर चालणारं ट्रान्समिशन उघडणारे आणि जोडणारे फिटर या शहरात होते!

या कथेत एक भारतीय नावही आहे. मनमोहन सुरी हे रेल्वेतले अभियंते. त्यांनी 'सुरी ट्रान्समिशन' तयार केलं. जड गाडी जागेवरून हलवायची तेलाच्या जोरावर, आणि वेग आला की तेलात वाया जाणारी ताकद वाचवायला यांत्रिक जोडणीवर जायचं. १९६२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंगच्या इंजिनांत हे ट्रान्समिशन वापरलं गेलं. पुढे सुरी दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि तिथे 'स्वराज' ट्रॅक्टर आकाराला आला. २००७ साली स्वराज महिंद्रांकडे गेला. त्याच महिंद्रांचा ट्रॅक्टर कारखाना आपल्या हिंगण्यात आहे. जग छोटं आहे म्हणतात ते असं.

असो. आता त्या ढिल्या गिअरकडे वळू.

गिअरबॉक्स उघडल्यावर जळालेल्या प्लेटा दिसतात. "भाऊ, प्लेटा गेल्या" असं निदान होतं, किट टाकलं जातं, डबा बंद. पण प्लेट आपणहून जळत नाही. तिला दाबून धरणारं तेल कमी पडलं, ती घसरली, म्हणून जळाली. तेल कमी का पडलं हे किटमध्ये मिळत नाही. किटमध्ये प्लेटा, सील आणि रिंगा असतात. ड्रमच्या आत रिंगेने झिजवलेली खाच किंवा व्हॉल्व्ह बॉडीतलं झिजलेलं भोक त्यात नसतं. नवी रिंग जुन्या खाचेत बसली की तेल तिथून निसटतंच. सर्व्हर पडला म्हणून रीस्टार्ट करणं आणि मेमरी लीक तशीच ठेवणं, असा हा प्रकार.

म्हणून जाणता मिस्त्री आधी तेल पाहतो. पातळी, रंग, जळका वास. मग प्रेशर गेज लावतो. दाब सगळ्याच गिअरमध्ये कमी असेल तर संशय पंपावर, फिल्टरवर, प्रेशर रेग्युलेटरवर, नाहीतर चुकीच्या ताणाने बसवलेल्या थ्रॉटल केबलवर. एकाच गिअरला दाब पडत असेल तर त्या गिअरच्या क्लचचं सील किंवा रिंग. आणि दाब पूर्ण असूनही गिअर घसरत असेल तरच प्लेटा आणि त्यांच्यातली फट. डबा गाडीत चढवण्याआधी तेलाच्या वाटेत कॉम्प्रेसरची हवा सोडून पाहायची पद्धतही जुनी आहे. क्लच 'ठप्प' आवाज करून बसला तर ठीक, नुसतीच फुसफुस आली तर तिथेच थांबायचं.

यात नागपूरचं ऊन भर घालतं. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून सहज निसटतं. बाहेरची हवाच तापलेली असली की ऑइल कूलरचंही फारसं चालत नाही. सकाळी ऑफिसला जाताना ठणठणीत असलेला गिअर दुपारी ढिला पडतो तो म्हणूनच. आणि सकाळी गार गाडीवर घेतलेली ट्रायल बऱ्याचदा फसवी ठरते ती याचमुळे.

२०१४ साली सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि आपल्या मध्यमवर्गात ऑटोमॅटिक गाडी घरोघरी पोचू लागली. त्यात आतला गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटरच्या हुकमावर तेलाचा दाब करतो. डोकं इलेक्ट्रॉनिक झालं, हात अजून तेलाचेच!

मोतीबागेतली कथा मात्र संपली. २०१५ मध्ये छिंदवाड्याचं नॅरोगेज बंद झालं, २०१९ मध्ये नागभीडचं. २००२ साली उघडलेलं नॅरोगेज संग्रहालय मोतीबागेत आहे, मुलांना घेऊन जरूर जा. इंजिनं तिथे बघायला मिळतात. पण दाबाचा आकडा पाहून "हे सील गेलं" असं सांगणारी नजर काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. ती ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडून कोणी शिकलं असेल तरच टिकते.

एक करता येण्यासारखं आहे. गिअरबॉक्स बांधायला टाकलात तर पैसे देण्याआधी दाबाचे तीन आकडे कागदावर लिहून मागा. गार असताना आयडलवर, गरम झाल्यावर आयडलवर, आणि गरम असताना ॲक्सिलरेटर दाबून. जो मिस्त्री हे आकडे कंटाळा न करता लिहून देईल, त्याचा फोन नंबर जपून ठेवा. आणि हो, ट्रायल दुपारी दोनला घ्या!