डीटीपीची दुकाने आणि लांबणीवर पडलेली विंडोज

जळगाव आणि धुळ्याच्या डीटीपी (डेस्कटॉप पब्लिशिंग) व्यवसायात विंडोज एक्सपी तिच्या ठरलेल्या आयुष्यापेक्षा बरीच जास्त टिकली. मायक्रोसॉफ्टने ती २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आणली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्या दुरुस्त्या देणे थांबवले. दरम्यान २००७ मध्ये व्हिस्टा आणि २००९ मध्ये विंडोज ७ आली, तरी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि निवडणुकीची हस्तपत्रके जुळवणाऱ्या संगणकांवर एक्सपीच चालत राहिली. हा हट्ट नव्हता. व्यवसायाचा सगळा जीव पेजमेकर हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर आणि मराठी फॉन्ट या दोन गोष्टींत अडकला होता.

खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरची जागा संगणकाने घेतली तेव्हा छपाईच्या धंद्याने पेजमेकर आपलासा केला. मूळ कंपनी आल्डस १९९४ मध्ये अडोबीत विलीन झाली. २००१ ची सातवी आवृत्ती ही पेजमेकरची शेवटची. व्हिस्टावर ती चालेल अशी हमी अडोबीने दिली नाही. मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत असे. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर जुनी पत्रिका उघडली, की 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. काही सॉफ्टवेअरसोबत डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली, असे, आणि नव्या विंडोजला त्याचा ड्रायव्हर सापडेलच असे नाही. ऐन लग्नसराईत बटर पेपरवर प्रिंट काढायची असताना हा धोका कोण पत्करणार? मोठा बदल पुढे ढकलण्याचा निर्णय धंद्याच्या हिशेबाने बरोबरच होता.

चुकले ते पुढचे. नवी आवृत्ती नको म्हणताना सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद झाल्या. त्याला परिस्थितीही कारण होती. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा संगणकी किडा (वर्म) जगभर पसरला. त्याला रोखणारी दुरुस्ती जुलैतच आली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या एकत्र देण्याची रीत सुरू झाली. पण तेव्हा इंटरनेट होते ते टेलिफोनच्या तारेवरून. २००४ चा सर्व्हिस पॅक २ सुमारे २७० एमबीचा होता. ५६ केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी तो उतरवायला साडेदहा तासांहून अधिक लागत, आणि टेलिफोनचे बिल वेगळे. त्यात भारनियमन. अपडेट बसत असताना वीज गेली तर संगणक सुरूच होणार नाही, ही भीती खोटी नव्हती.

दुसरी भीती परवान्याची. असेंबल केलेल्या अनेक संगणकांवर विनापरवाना विंडोज असे. २००८ पासून अशी प्रत पकडली गेली, की पडद्याची पार्श्वभूमी काळी होऊ लागली. उपाय म्हणून ऑटोमॅटिक अपडेट बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जाई. गंमत अशी, की महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या ऑटोमॅटिक अपडेटमधून अशा प्रतींनाही मिळत होत्या.

याच सुमारास, नोव्हेंबर २००८ मध्ये, कॉन्फिकर हा आणखी एक किडा आला. दुरुस्ती २३ ऑक्टोबरलाच निघाली होती. कॉन्फिकर नेटवर्कवरून पसरे तसा पेन ड्राइव्हवरूनही, आणि डीटीपीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागत असतात. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची एक्सपीतली सोय फेब्रुवारी २०११ मध्ये विंडोज अपडेटने बंद केली. अपडेट बंद ठेवलेल्या यंत्रांना हा लाभ झाला नाही.

हा दोष छोट्या दुकानांपुरता नव्हता. देशातली अनेक एटीएम यंत्रे एक्सपीवरच चालू होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा पसरला, तेव्हा एक्सपीचा आधार संपून तीन वर्षे झाली असतानाही मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी खास दुरुस्ती द्यावी लागली. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी बँकांना टप्पे ठरवून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएमवर आधार चालू असलेली प्रणाली, आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रांवर.

मोठी आवृत्ती आणि सुरक्षा दुरुस्ती यांना वेगवेगळे वागवण्याची सोपी सोय विंडोज १० मध्ये हळूहळू आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रो आवृत्तीत नवी आवृत्ती काही महिने लांबवता येऊ लागली. पुढे ही मुदत ३६५ दिवस झाली, तर मासिक दुरुस्त्या जास्तीत जास्त ३० दिवस थांबवता येत. होम आवृत्तीला ही सोय नव्हती. ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीने काहींच्या फायली पुसल्या आणि ती तात्पुरती मागे घ्यावी लागली. मे २०१९ पासून होममध्येही मोठी आवृत्ती मालकाने बटण दाबल्यावरच उतरू लागली. मात्र वापरात असलेल्या आवृत्तीचा आधार संपत आला, की ती आपोआप येई.

ज्या दुकानाला पेजमेकर सोडवत नाही, त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित मांडणी दोन संगणकांची. जुन्या फायलींचा एक्सपी संगणक इंटरनेटपासून तोडलेला, आणि ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप व गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह यांसाठी दुरुस्त्या चालू असलेला दुसरा. दुसऱ्यावरून पहिल्याकडे जाणारी प्रत्येक फाइल आधी तपासून घ्यावी लागते. या दुसऱ्या संगणकावर विंडोज १० असेल तर तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, म्हणून बरेच जुने संगणक तिथे बाद होतात. नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांसाठी विस्तारित योजना आहे. तिच्यात नवे काहीच मिळत नाही, फक्त सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे.