तानपुऱ्याची साक्ष : मावळांतील श्रवण व संगणकाचें संगीत

लोणावळ्यास राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं गेल्या ज्येष्ठांत आम्हांस विचारिलें, कीं घरच्या संगणकावर संगीत ऐकावयाचें आहे, तर स्पीकर कोणते घ्यावे व साउंड कार्ड कोणतें? प्रश्न बाजाराचा दिसतो, आणि बाजारांत त्याचें उत्तर तत्काळ मिळतेंही. दुकानदार खोक्यावरचा वॅटचा आंकडा दाखवितो, व मोठा आंकडा तो चांगला माल, असें समजून आपण पैसे मोजतों. परंतु विचार करितां हा प्रश्न बराचसा इतिहासाचा आहे, असें आम्हांस दिसून आलें. ध्वनि एके ठिकाणीं उत्पन्न होतो व दुसऱ्या ठिकाणीं ऐकला जातो. या दोहोंमध्यें जें कांहीं उभें असतें, मग ती डोंगराची कपार असो, ग्रामोफोनचा कर्णा असो वा स्पीकरचा कागदी शंकू असो, तेंच आपल्या कानाला वळण लावीत असतें. या मधल्या वस्तूचीं फार जुनीं व फार नवीं रूपें मावळांत एकमेकांपासून कोस-दोन कोसांच्या अंतरावर पहावयास मिळतात. तेव्हां स्नेह्यांस उत्तर देण्यापूर्वीं वाचकांसह तीं पाहून यावीं, असें आम्हीं ठरविलें.

आरंभ कार्ल्याच्या चैत्यगृहापासून करूं. इसवी सनाच्या आगेमागें कोरलेलें हें लेणें सुमारें १२४ फूट लांब, साडेपंचेचाळीस फूट रुंद व जवळजवळ तितकेंच उंच आहे. जंबुद्वीपांतील हें उत्तम शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें पुरें केलें, असें तेथील लेख सांगतो. आंत शिरून एखादा शब्द मोठ्यानें उच्चारावा, म्हणजे पाषाण तो लवकर सोडीत नाहीं, याचा अनुभव येतो. सावकाश, एका स्वरावर म्हटलेला पाठ तेथें भरून राहतो व गंभीर वाटतो. जलद बोल मात्र एकमेकांवर चढून अस्पष्ट होतात. पलीकडे भाज्याच्या विहारांत चर्मवाद्य वाजविणारी स्त्री व तिच्याजवळ नाचणारी दुसरी स्त्री कोरलेली आहे. तिच्या हातचे तुटक बोल कार्ल्याच्या दालनांत वाजले असते, तर त्यांची लय ओळखणेंही कठीण झालें असतें. जागा हीच पहिली ध्वनियोजना होय, आणि ती प्रत्येक संगीतास सारखी मानवत नाहीं, हा या लेण्यांचा पहिला पाठ.

हाच पाठ शास्त्राच्या भाषेंत मांडावयास एकोणिसावें शतक संपावें लागलें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत वॉलेस सॅबाइन यांनीं १८९५ पासून प्रयोग करून असें दाखविलें, कीं खोलीचें घनफळ जितकें अधिक तितका नाद अधिक काळ रेंगाळतो, आणि नाद शोषणारे पदार्थ जितके अधिक तितका तो लवकर विरतो. दगड व गिलावा जवळजवळ कांहींच शोषीत नाहींत. घोंगडी, गादी, पुस्तकांचीं कपाटें व खुद्द माणसें पुष्कळ शोषितात. शेणानें सारवलेली भुई, लांकडी माळवद व बैठकीवरची माणसें असलेल्या जुन्या घरांतील गाणें कानास सुखद कां वाटे, व फरशी आणि कांच यांनीं मढविलेल्या नव्या बंगल्यांत तेंच कर्कश कां होतें, याचें कारण यांत आहे.

आतां लेण्यांवरून उतरून तलावांकडे वळूं. टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें लोणावळा, वळवण व शिरवतें येथें मावळचें पावसाचें पाणी अडविलें, तें नळांतून सुमारें १७०० फूट खालीं खोपोलीस सोडलें, आणि १९१५ सालीं तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांस पोंचविली. ती वीज फुकट आली नाहीं. या डोंगरांतील खोऱ्यांची जमीन पाण्याखालीं गेली, आणि शेजारच्या मुळशी खोऱ्यांत तशाच धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापट प्रभृतींनीं सत्याग्रह उभारिला, हें महाराष्ट्रास विदित आहे. स्पीकरची तार भिंतींतील खांचेंत खोंवतांना एवढें स्मरण ठेवलें तर वावगें होणार नाहीं.

योगायोग असा, कीं त्याच १९१५ सालीं अमेरिकेंत एडिसनच्या कंपनीनें आपल्या फोनोग्राफच्या जाहीर परीक्षा सुरू केल्या. रंगमंचावर गायिका उभी राही, शेजारीं यंत्र ठेवीत, अंधार करीत, व गाणें कंठांतून येतें कीं यंत्रांतून, हें ओळखावयास श्रोत्यांस सांगत. पुष्कळांस तें ओळखतां येत नसे! आज त्याच तबकड्या ऐकल्या तर लहान मूलही फरक सांगेल. त्या श्रोत्यांचे कान वाईट होते असें नव्हे; यंत्रांत काय नाहीं, हें शोधावयास कोणी त्यांस शिकविलें नव्हतें इतकेंच. ‘अगदीं हुबेहूब’ या विक्रेत्याच्या शब्दाची किंमत या गोष्टीवरून कळते.

त्या काळीं यंत्रांत काय नव्हतें? ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गनें १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें, तेव्हांपासून १९२५ पर्यंत गवयास कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन गावें लागे. सेकंदास दीडशें-दोनशेंच्या खालचीं व अडीच हजारांच्या वरचीं कंपनें त्यांत बहुधा हरवत, आणि सारा राग तीन-चार मिनिटांत आटपावा लागे. अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या तबकड्या याच रीतीच्या होत. त्यांच्याच १९३० नंतरच्या, विद्युत् पद्धतीनें घेतलेल्या तबकड्या त्यांशेजारीं ठेवून ऐकाव्या, म्हणजे यंत्र बदललें कीं एकाच गवयाची प्रतिमा किती बदलते, तें समजेल. भास्करबुवा बखले १९२२ सालीं व अल्लादिया खाँ १९४६ सालीं निवर्तले. त्यांचें गाणें तबकडीवर आलेंच नाहीं. त्यामुळें मागील पिढीच्या संगीताविषयीं आपली जी समजूत आहे, ती यंत्रानें जेवढें धरून ठेवलें तेवढ्यावरच उभी आहे.

१९२५ सालींच राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं आजच्या स्पीकरची रचना सिद्ध केली. चुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें, त्याला जोडलेला कागदी शंकू, आणि त्या वेटोळ्यांतून वाहणारा गाण्याचा प्रवाह. शंकू पुढें-मागें हलतो व हवा हलवितो. शंभर वर्षांत चुंबक सुधारला, शंकूचे पदार्थ बदलले, १९५४ सालीं एडगर विल्चर यांनीं हवाबंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटींतून खालचा स्वर काढून दाखविला. तथापि मूळ तत्त्व तेंच आहे. म्हणून स्पीकरच्या बाबतींत ‘नवें’ या शब्दास भुलण्याचें कारण नाहीं.

संगणकाच्या संगीतांतील एक मोठा टप्पा १९५७ सालचा. बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यांनीं लिहिलेल्या आज्ञांवरून आयबीएमच्या यंत्रानें सतरा सेकंदांची एक रचना वाजविली. पुढें १९६७ मध्यें स्टॅनफर्डच्या जॉन चौनिंग यांनीं एका स्वरानें दुसऱ्यास कंपित करून नाना प्रकारचे नाद काढण्याची युक्ति शोधिली. १९८७ चें ॲडलिब व १९८९ चें साउंड ब्लास्टर हीं घरगुती संगणकाचीं कार्डें याच युक्तीच्या, नऊ आवाज काढणाऱ्या एका यामाहा चिपवर चालत. त्या काळीं कार्ड हेंच वाद्य होतें. कार्ड बदललें कीं संगीतच बदले. तेव्हां कार्डाच्या निवडीला जें महत्त्व होतें तें यामुळें.

आज तसें राहिलें नाहीं. वाद्याचें काम संगणकांतील प्रणालीच करिते, आणि कार्डाकडे उरलें आहे तें आंकड्यांचें विजेच्या लहरींत रूपांतर करणें. सेकंदास ४४,१०० नोंदी घेतल्या म्हणजे २२,००० कंपनांपर्यंतचा नाद पुरता साधतो, व माणसाचा तरुण कानही २०,००० च्या वर ऐकत नाहीं. सोळा बिटांची नोंद असली म्हणजे मोठ्यांत मोठा व लहानांत लहान नाद यांत सुमारें ९६ डेसिबेलचें अंतर मिळतें. तें घरीं कोणास पुरें वापरतांही येत नाहीं. एवढें काम आज साधीं कार्डेंही करितात. यास्तव १,९२,००० चा आंकडा पाहून अधिक पैसे देणें म्हणजे ऐकूं न येणाऱ्या स्वरांसाठीं देणें होय.

मात्र कार्डाचा एक दोष खरा आहे, व तो मावळांत विशेष जाणवतो. संगणकाच्या पेटींत पंखा, डिस्क व इतर मंडलें यांचा विद्युत् गोंगाट असतो. तो आंतील कार्डांत शिरून स्तब्धतेंत किरकिर ऐकूं येते. शिवाय घराचें अर्थिंग नीट नसलें, किंवा संगणक व स्पीकर निरनिराळ्या ठिकाणीं जोडले, तर विजेच्या ५० कंपनांची घूंघूं तानपुऱ्याच्या खालीं दुसरा बेसूर तानपुरा धरून बसते. यूएसबीनें जोडावयाचें साधें बाहेरचें कार्ड घ्यावें, सर्व यंत्रें एकाच पट्टीवर जोडावीं व अर्थिंग तपासून घ्यावें. बहुतेक घरीं एवढें पुरतें.

आतां मुख्य खर्चाकडे येऊं, तो स्पीकरचा. येथें आम्ही निर्णय करण्यास तानपुऱ्यास बोलावितों. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा, व तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ कंपनांचा. टेबलावरच्या दोन-तीन इंची स्पीकरांतून शे-सव्वाशेंच्या खालचें फारसें कांहीं निघत नाहीं. तरी खर्ज ऐकल्याचा भास होतो, कारण वरच्या सहस्वरांवरून कान मूळ स्वर मनानेंच भरून काढितो. स्वर कळतो, पण त्याचें वजन जातें, आणि बायाचा घुमारा तर पुरताच नाहींसा होतो. पांच-साडेपांच इंची शंकू, चांगली जड पेटी व आंतच ॲम्प्लिफायर असलेली जोडी घेतली, तर साठ-सत्तर कंपनांपर्यंत पोंचतां येतें. वॅटचा आंकडा पाहूं नये. किती खालीं व किती सारख्या जोरानें वाजतो, हें पहावें.

वरच्या बाजूची साक्ष जवारीची. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं तबला-मृदंगाच्या शाईमुळें त्यांचे नाद सुसंवादी होतात हें दाखविलें, आणि पुढच्या वर्षीं तानपुरा-वीणेच्या घोडीमुळें तारेंत सहस्वरांची रास कशी उठते, याचाही विचार केला. ती रास स्पष्ट, पण टोंचणारी नसावी. टोंचली तर स्पीकर वरच्या स्वरांना उगीच फुगवीत आहे. मंद झाली तर खात आहे.

संगणकावर रचलेल्या संगीतालाही हीच कसोटी लागते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, त्यांच्या मतानें श्रुति-हार्मोनियम झालें, व १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत श्रुतींचा वाद रंगला. जी सूक्ष्म अंतरें पितळी सुरांत कानस लावून बसवावीं लागत, तीं आज संगणकास आंकडा देऊन क्षणांत मिळतात. पण स्पीकर व खोली मिळून एका स्वरास फुगवीत व दुसऱ्यास गिळीत असतील, तर ती सूक्ष्मता कोणाच्या कानीं पडणार?

आणि खोली तर फुगवितेच. काळी एकच्या खर्जाची लहर सुमारें पांच मीटर लांब असते. ज्या खोलीची एखादी बाजू अडीच मीटर भरते, तेथें तो नेमका स्वर भिंतीशीं गुरगुरतो. म्हणून स्पीकर कोपऱ्यांत कोंबूं नयेत, भिंतीपासून हात-दीड हात पुढें ठेवावे, शंकू कानाच्या उंचीस आणावे, आणि समोरच्या उघड्या भिंतीस पुस्तकांचें कपाट अथवा जाड घोंगडी द्यावी. एवढ्यानें जो फरक पडतो तो महाग कार्डानें पडत नाहीं. लोणावळ्यास वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, हेंही विसरूं नये. शंकूच्या कडेची फोमची पट्टी अशा ओल्या हवेंत कांहीं वर्षांत भुगा होऊन गळते. रबराची पट्टी टिकते. पावसाळ्यांत यंत्र बंद ठेवण्यापेक्षां रोज थोडें चालविलेलें बरें. त्याच्या उष्णतेनें आंतील ओल कमी होते.

स्नेह्यांस आम्हीं लिहिलें तें असें : दहा रुपयांपैकीं सात स्पीकरांस द्या, एक कार्डास, व दोन खोलीस. दुकानांत जातांना एकट्या तानपुऱ्याचें व तबल्याचें मुद्रण बरोबर न्या. प्रथम कांहींच न वाजवितां आवाज वाढवून घूंघूं येते कीं काय तें पहा; मग खर्ज, मग जवारी, मग बाया. नंतर संगणकाकडूनच खालपासून वरपर्यंत चढत जाणारा एक स्वर काढवा, आणि तो कोठें बुडतो व कोठें उसळतो, तें घरीं बसून ऐका.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. एडिसनच्या श्रोत्यांस यंत्र व कंठ एकच वाटले, कारण काय हरवलें हें ओळखण्याचें माप त्यांच्या हातीं नव्हतें. आपल्या घरांतील मुलें आज संगीत प्रथम ऐकतात तें बहुधा फोनच्या कवडीएवढ्या पडद्यांतून. खर्ज म्हणजे काय, हें त्यांस तेथें कधींच कळावयाचें नाहीं. आणि जें कधीं ऐकलेंच नाहीं, तें हरवलें म्हणून कोणी हळहळतही नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या घरीं नातवंडें आहेत. स्पीकर चांगले घ्या म्हणून आम्हीं आग्रह धरला तो त्यांच्यासाठीं.