फोटोतला तो गृहस्थ

माणसाने टकले जरूर व्हावे. पण निदान पासपोर्टची मुदत संपेपर्यंत दम धरावा! माझ्या पासपोर्टावर दहा वर्षांपूर्वीचा एक दाट केसांचा, झुपकेदार मिशांचा गृहस्थ आहे. नूतनीकरणाला गेलो, तर खिडकीतल्या बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हे तुम्हीच का?"

खरे म्हणजे पूर्वी ही भानगड नव्हती. पासपोर्टावर फोटोच नसे. १९१४ साली कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर चार्ल्स इंग्लिस या अमेरिकनाच्या पासपोर्टावर खुशाल ब्रिटनमध्ये हिंडला. पकडला गेला तो स्वतःच्या पत्रांमुळे, तोंडामुळे नव्हे! नोव्हेंबरात लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या, आणि युद्धाच्या त्या धामधुमीत पासपोर्टावर फोटो येऊन चिकटला तो कायमचा.

ब्रिटिशांचे नुसत्या फोटोवर भागेना. कपाळ, नाक, हनुवटी यांचे वर्णनही हवे. बॅसेट डिग्बी नावाच्या गृहस्थांनी आपला चेहरा 'बुद्धिमान' असल्याचे अर्जात लिहिले. पासपोर्ट हातात पडला, तर कुणा कारकुनाने तो 'लंबगोल' करून टाकलेला! १९१५ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडनच्या 'टाइम्स'कडे पत्राने तक्रार केली. आपला चेहरा आपल्याला दिसतो एक आणि कारकुनाला दुसराच, हे तेव्हापासूनचे आहे.

पण त्या बाईंवर मी कोणत्या तोंडाने रागावू? मीही कारकूनच. वीस वर्षे बँकेत सह्या ताडून पाहतोय. गेल्याच महिन्यात एका आजोबांची सही नमुना-कार्डाशी जुळेना. तीनदा करायला लावली. शेवटी म्हणालो, "आजोबा, ही तुमची सही नाही."

ते शांतपणे म्हणाले, "सही माझीच आहे रे बाळ. हात तेवढा पूर्वीचा राहिला नाही."

मी त्यांना 'उद्या या' म्हणून परत पाठवले होते. ते आले नाहीत.

बाईंनी मात्र मला परत पाठवले नाही. इतर कागद पाहिले, नवा फोटो काढला आणि म्हणाल्या, "होतं असं. माणूस बदलतोच की!" एवढे वाक्य मला वीस वर्षांत सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी हाफ-डे टाकून आजोबांच्या घरी गेलो. सोबत कोरे नमुना-कार्ड नेले होते. त्यांनी थरथरत, सावकाश सही केली.

मी ती कशाशीच ताडून पाहिली नाही.