नाणेघाट ते फायरवॉल : वाट अडते कुठे?

मंडळी, सातवाहनांचं प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. आज इथून निघणाऱ्या मालाच्या वाटेपासून सुरुवात करू आणि फायरवॉलपर्यंत जाऊ. हसू नका, प्रश्न एकच आहे. वाट असूनही माल का अडतो?

'पेरिप्लस' ही ग्रीक व्यापाऱ्यांची माहितीपुस्तिका, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. पैठणचा माल गाड्यांतून भडोचला जातो, वाट वीस दिवसांची, असं त्यात आहे. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नाणेघाट उतरलं की कल्याण कितीतरी जवळ. मग भडोच का? भडोच मोठं बंदर होतं हे खरंच. पण तीच पुस्तिका सांगते की कल्याण पूर्वी रीतसर खुलं होतं. सत्ता बदलल्यावर तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची भीती असे. म्हणजे घाट रुंद करून काही साधलं नसतं. अडलं होतं ते नाक्यावरच्या हुकमाशी.

दुसरी गोष्ट 1986 सालची, अमेरिकेतली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांत अंतर जेमतेम 400 यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला! तार शाबूत होती. पोचपावती वेळेत आली नाही की यंत्रं तेच पॅकेट पुन्हा पाठवायची आणि गर्दी वाढवायची. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं की गर्दी झाली असं समजून हात आखडता घ्यायचा.

आजची गोम इथेच आहे. फायरवॉलवर 20 मेगाबिटांची मर्यादा घातली आणि ती जादा पॅकेटं सरळ टाकून देऊ लागली, तर पाठवणारं यंत्र बिचकून वेग एकदम खाली आणतं. मग हाती 20 सुद्धा लागत नाहीत. पॅकेटं टाकण्याऐवजी थोडा वेळ रांगेत थांबवली, तर बरंच सुधारतं.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, कॉलेजात 100 मेगाबिटांची लाइन, आणि अर्ज जात नाही. सगळे कंपनीला शिव्या देतात. आधी एक लॅपटॉप थोडा वेळ थेट लाइनला जोडून वेग मोजा. तिथे पूर्ण मिळाला, तर दोष आपल्या नाक्यावर. मग मर्यादेचा नियम बंद करून पुन्हा मोजा. वेग वाढला तर नियम चुकलाय. बहुतेकदा बिट आणि बाइट यांची गल्लत, म्हणजे थेट आठपट फरक. वाढला नाही तर प्रत्येक पॅकेट उघडून तपासण्यात फायरवॉलचीच दमछाक होत असेल. तपासणी थोडा वेळ हलकी करून पाहिलं की कळतं.

आणि हो, वेग मोजताना लोक फक्त डाउनलोड बघतात. अर्ज, फोटो, दाखले जातात ते अपलोडच्या वाटेनं, आणि तिची मर्यादा वेगळी लिहिलेली असते.