जुनी लाकडी मोटरबोट पुन्हा पाण्यात कशी उतरवतात? तिच्यावर एवढा खर्च करायचा तरी कशाला?

१९८१ चा 'ऑन गोल्डन पॉन्ड' हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्यातली तपकिरी, चकचकीत लाकडी मोटरबोट नक्की आठवत असेल. हेन्री फोंडा आणि कॅथरीन हेपबर्न या दोघांनाही या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं. पण अमेरिकेतल्या बोटवेड्या मंडळींच्या लेखी सिनेमाचा तिसरा नायक म्हणजे ती बोट. क्रिस-क्राफ्ट कंपनीची २२ फुटी 'स्पोर्ट्समन'. रेसिंगसाठी नाही, मिरवण्यासाठीही नाही. मुलाबाळांना घेऊन तळ्यात फिरायचं, मासे पकडायचे, संध्याकाळी परत यायचं, यासाठी बनवलेली घरगुती बोट.

अशा बोटी आजही अमेरिका-कॅनडातल्या अनेक कुटुंबांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहेत. आजोबांनी घेतली, वडिलांनी चालवली आणि आता नातवापुढे प्रश्न आहे: दुरुस्त करायची, विकायची, की मोडीत काढायची? दुरुस्त करायची म्हटलं तर नेमकं काय काय करावं लागतं, ते पाहू.

या बोटी आल्या कुठून?

मिशिगन राज्यात अल्गोनॅक नावाचं नदीकाठचं छोटं गाव आहे. तिथल्या ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ या (हो, नाव खरंच हेच होतं) बोट बांधणाऱ्याने आणि त्याच्या मुलांनी १९२० च्या दशकात 'क्रिस-क्राफ्ट' हे नाव रूढ केलं. त्याआधी वेगवान मोटरबोट म्हणजे श्रीमंतांची ऑर्डर देऊन बनवून घ्यायची वस्तू. स्मिथ यांनी ठरावीक मापांच्या बोटी मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात कंपनी अमेरिकी नौदलासाठी सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटी बांधत होती. युद्ध संपलं, लोकांच्या हातात पैसा आला आणि तळ्याकाठच्या घरांसमोर महॉगनीच्या बोटी दिसू लागल्या. १९५० च्या दशकात तर कंपनी सुटे भाग खोक्यात घालून विकायची. घरी न्या आणि स्वतःच जोडा.

मग फायबरग्लास आलं. साच्यात ओतलेली बोट कुजत नाही, दरवर्षी व्हार्निश मागत नाही. १९६० च्या दशकात लाकडी बोटींचा बाजार झपाट्याने आटला. म्हणजे आज शेडमध्ये सापडणारी लाकडी फॅमिली बोट बहुतेक वेळा साठ-सत्तर वर्षांची तरी असते.

पहिलं काम पटाशीचं नाही, कागदांचं

बोटीवर कुठे ना कुठे हल नंबर असतो, इंजिनवर इंजिन नंबर असतो. हे दोन्ही उतरवून घ्यायचे. क्रिस-क्राफ्टच्या बाबतीत मालक नशीबवान असतात, कारण कंपनीच्या जुन्या नोंदी व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये जपलेल्या आहेत. प्रत्येक बोटीचं 'हल कार्ड' असायचं. त्यावर कोणतं इंजिन बसवलं, कोणता रंग दिला, बोट कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली, अशी माहिती मिळू शकते.

याचा उपयोग काय? एक उदाहरण पुरेसं आहे. युद्धानंतर लगेच, १९४६-४७ च्या सुमारास, चांगल्या महॉगनीचा तुटवडा होता. त्या काळात क्रिस-क्राफ्टने काही बोटींच्या बाजू सीडरच्या लाकडाच्या केल्या आणि त्यांना पांढरा रंग दिला. आजचा उत्साही मालक 'कुणी मूर्खाने महॉगनीवर रंग फासलाय' असं समजून तो खरवडायला घेतो आणि खाली फिकट सीडर निघतं. कागद आधी पाहिले असते तर कळलं असतं की पांढरा रंग हाच मूळचा होता.

बोट उघडायला घेतली की प्रत्येक भागाचे फोटो काढायचे, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे. कंटाळवाणं काम आहे. पण दोन वर्षांनी बोट परत जोडताना 'हा तुकडा कुठला?' याचं उत्तर इथेच मिळतं.

लाकूड कुठे कुजतं?

बहुतेकांना वाटतं बोट खाऱ्या पाण्याने कुजते. प्रत्यक्षात लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे पावसाचं गोडं पाणी. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात फारशी तग धरत नाही. तिला ओलसर लाकूड, हवा आणि गोडं पाणी आवडतं. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर गेली की तिची चंगळ. म्हणून तळ्यात रोज फिरणाऱ्या बोटीपेक्षा ताडपत्रीला भोक पडलेल्या, वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या बोटीची अवस्था जास्त वाईट असते.

तपासणीची हत्यारं साधी: टोच्या आणि हातोडीचा दांडा. दांड्याने फळीवर ठोकत जायचं. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे टोच्या टोचायचा. लोण्यात जावा तसा आत गेला, तर ते लाकूड गेलं. मागची सपाट बाजू जिथे तळाला मिळते तो कोपरा, तळ आणि बाजू यांचा सांधा, आणि नाळेचा खालचा भाग या जागा आधी बघायच्या. पाणी तिथेच साचतं.

दुसरा शत्रू लाकडात नसतो, स्क्रूमध्ये असतो. जुन्या बोटींत अनेकदा पितळी स्क्रू वापरलेले आढळतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाण्यात वर्षानुवर्षं राहिल्यावर त्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर, ठिसूळ तांब्याचा सांगाडा उरतो. वरून स्क्रू जागेवर दिसतो, फिरवला की डोकं हातात येतं. फळी केवळ सवयीने जागेवर बसलेली असते, असं म्हणायला हरकत नाही. म्हणून आज बदलताना सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू वापरतात.

तिसरी गोष्ट बोटीपासून लांब उभं राहून बघायची: आकार. चुकीच्या ट्रेलरवर, दोनच ठिकाणी टेकून वीस वर्षं उभी राहिलेली बोट हळूहळू वाकते. तळाच्या मागच्या भागात थोडा जरी बाक आला तरी वेगात पाण्यावर उचलली जाणारी बोट नाक खाली घालून चालते.

मग खर्चाचं काय?

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं: व्यावसायिक कारागिराकडून पूर्ण दुरुस्ती करून घेतली, तर साध्या फॅमिली बोटीवर होणारा खर्च बरेचदा तिच्या बाजारभावापेक्षा जास्त होतो. मोठी किंमत मिळते ती थोड्याच बोटींना. इटलीच्या सार्निकोमध्ये बनलेली रिव्हा कंपनीची 'अक्वारामा' किंवा युद्धापूर्वीची गार वूड यांची बोट ही त्यातली नावं. घरगुती २२ फुटी बोटीचं गणित पैशात बसत नाही. ती दुरुस्त होते कारण कुणीतरी लहानपणी तिच्यात बसून पोहायला शिकलेलं असतं.

भावंडांमध्ये भांडणं होतात ती इथेच. बोट सगळ्यांची, पण शेकडो तास एकाचेच जाणार. काम सुरू करण्याआधीच मालकी कुणाची, पैसे कोण घालणार, पुढे विकली तर काय, हे लिहून ठेवलेलं बरं. अर्धवट उघडलेली बोट ना विकता येते, ना चालवता येते.

तळ बदलणं म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात मोठं काम हेच. या बोटींचा तळ बहुतेकदा दुहेरी असतो. आतला पातळ थर तिरका लावलेला, बाहेरचा थर लांबीच्या दिशेने, आणि दोन्हींच्या मध्ये चिकट लुकणात भिजवलेलं कॅनव्हासचं कापड. पन्नास वर्षांत ते कापड सुकून कुजतं. बाहेरून फळ्या ठीक दिसल्या तरी मधला थर संपलेला असतो.

तळ काढण्याआधी बोटीला आतून आडवे-तिरके टेकू देऊन तिचा आकार बांधून घेतात, मग ती उलटी करतात. आतल्या बरगड्या सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. एक सोडून एक बदलायची. सगळ्या काढल्या तर बोटीला स्वतःचा आकारच आठवत नाही. काढलेला कुजका तुकडासुद्धा फेकायचा नाही, कारण नव्याचं माप त्यावरूनच घ्यायचं असतं.

बरगड्यांसाठी व्हाइट ओक लागतो. रेड ओक दिसायला सारखाच आणि सहज मिळणारा, पण इथे चालत नाही. रेड ओकची छिद्रं उघडी असतात. तुकड्याचं एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकातून फुंकलं तर बुडबुडे येतात. व्हाइट ओकची छिद्रं निसर्गतःच बुजलेली असतात. वळणदार भागांसाठी लाकूड लांब पेटीत ठेवून वाफवतात. कारागिरांचा ठोकताळा आहे, एक इंच जाडीला एक तास वाफ. बाहेर काढल्यावर काही क्षणच ते वाकतं, त्यामुळे शिकंजे आधीच उघडून तयार ठेवावे लागतात.

नव्या तळाबाबत मात्र दोन तट आहेत. जुन्या पद्धतीचा तळ पाण्यात उतरवल्यावर गळतोच. फळ्या पाणी पितात, आडव्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट दाबून फटी बुजवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात खिळखिळं झालेलं बैलगाडीचं चाक ओढ्यात भिजत ठेवतात, तसाच हा प्रकार. तोटा असा की बोट वर काढून वाळली की पुढच्या मोसमात पुन्हा तेच.

दुसरा तट म्हणतो, दोन थरांमध्ये कापडाऐवजी थ्रीएम कंपनीचं '५२००' हे पॉलियुरेथेन सीलंट भरा. ते आठवडाभरात घट्ट होतं, पण रबरासारखं लवचीक राहतं. लाकूड फुगलं-आकसलं तरी सांधा तुटत नाही आणि बोट पहिल्या दिवसापासून कोरडी राहते. अडचण एकच, पुढच्या पिढीला हा तळ पुन्हा उघडायचा झाला तर फळ्या अखंड निघणार नाहीत. दर आठवड्याला ट्रेलरवरून ने-आण होणाऱ्या बोटीसाठी दुसरी पद्धत सरळ व्यवहार्य आहे. संग्रहालयात जाणाऱ्या दुर्मीळ बोटीचा विचार वेगळा.

इतकं बदलल्यावर बोट 'तीच' राहते का?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण त्याला चक्क नियम आहे. १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज इथे स्थापन झालेली 'अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी' बोटींचे मेळावे आणि स्पर्धा घेते. तिच्या वर्गवारीत १९१९ ते १९४२ च्या बोटी 'अँटिक' आणि १९४३ ते १९७५ च्या 'क्लासिक'. डेक आणि पाण्यावर दिसणाऱ्या बाजू यांचं किमान ६० टक्के लाकूड मूळचं असेल, तर ती बोट 'जतन केलेली' मानतात. तळ त्यात धरत नाहीत. तो कधी ना कधी बदलावाच लागतो, हे सगळ्यांना मान्य आहे.

म्हणूनच जाणता कारागीर बाजूची चांगली फळी वाचवायला धडपडतो. कुजलेला फूटभर भाग कापून तिथे जुळत्या रेषांचा तुकडा बसवतो. अख्खी फळी बदलणं सोपं असतं, तरीही.

व्हार्निश

लोक फोटो काढतात ते याचेच. आधी पॉलिश पेपरने घासून लाकूड सपाट करायचं, स्क्रूंच्या डोक्यांवर छोटी लाकडी बुचं बसवायची, बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर ठेवून. मग लाकडाची छिद्रं भरणारा रंगीत फिलर, त्यावर व्हार्निश. पहिला हात थिनर घालून पातळ, म्हणजे तो आत मुरतो. नंतर दहा-बारा, कधी वीस हात, दोन हातांच्या मध्ये प्रत्येक वेळी हलकी घासाई. जुना रंग खरवडताना मात्र चांगला मास्क हवाच. तळाच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं.

इंजिन आणि पेट्रोलचा धोका

क्रिस-क्राफ्टचं 'के' इंजिन म्हणजे सहा सिलिंडर, ९५ हॉर्सपॉवर. साधं आणि दणकट. सुटे भाग आजही मिळतात. जाम झालेलं इंजिन स्टार्टरने फिरवायचं नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचं, काही दिवस थांबायचं, मग हाताने हलवून बघायचं. आणि ब्लॉकला तडा आहे का, ते तपासायचं. ही इंजिनं तळ्याचंच पाणी आत फिरवून थंड होतात. एखाद्या हिवाळ्यात ते पाणी काढायचं राहिलं असेल, तर बर्फाने ब्लॉक फुटलेला असतो.

आजचं पेट्रोल ही वेगळीच डोकेदुखी. त्यातलं इथेनॉल पाणी शोषतं, जुने रबरी पाइप खराब करतं, आणि जुन्या कार्ब्युरेटरमधल्या बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा थर विरघळवतं. भारतात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या बुलेट आणि लॅम्ब्रेटा जपणाऱ्यांनाही हीच काळजी लागली आहे.

पण बोटीत पेट्रोल गळणं हे स्कूटरमधून गळण्यासारखं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावर ती उडून जाते, बोटीत ती इंजिनाखालच्या बंद पोकळीत साचते. एक ठिणगी पुरते. त्यामुळे स्वस्तात मिळतो म्हणून गाडीचा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा कार्ब्युरेटर बोटीला लावणं हा जिवाशी खेळ आहे. बोटीसाठीच्या भागांतून ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते. मूळ बोटीत हवा बाहेर फेकणारा पंखा नसेल तर तो बसवावा, स्पर्धेत गुण गेले तरी चालतील. इंजिन सुरू करण्याआधी पंखा किमान चार मिनिटं चालवायचा आणि तरीही झाकण उघडून वास घ्यायचा.

पाण्यात उतरवण्याचा दिवस

जुन्या पद्धतीचा तळ असेल तर या दिवशी पाहुणे बोलावू नयेत. बोट पट्ट्यांवर लटकत ठेवूनच पाण्यात सोडतात, पाणी उपसणारा पंप लावतात आणि दोन दिवस तशीच ठेवतात. पहिल्या तासांत पाणी धारेने आत येतं, मग पाझरतं, मग थांबतं. दुसऱ्या दिवशीही धार तशीच असेल, तर एखादी फट लाकडाने बुजण्यासारखी नाही आणि बोट पुन्हा वर घ्यायची. पाणी थांबलं की पट्ट्या सोडतात. पंप मात्र पहिला महिनाभर बोटीतच राहतो.